पहाऱ्याचं खातं

शनिवारी साडेआठला शटर खाली आलं
तेव्हापासून सोमवारी नऊपर्यंत
गोदी कामगारांची ही पतपेढी माझी.
एसीखाली आइस्क्रीमचा रिकामा डबा,
त्यात थेंब.
रॅकची किल्ली कॅलेंडरमागच्या खिळ्याला,
हे शिपायाला माहीत, चहावाल्याला माहीत,
फक्त तपासनिसाला नाही.
किल्ली खिशात टाकली. पहिलं काम झालं.

लॉग उघडते.
काल एका रात्रीत चार हजार एकशे बारा वेळा
कुणीतरी दार वाजवलंय.
अ‍ॅडमिन आहे का? टेस्ट आहे का?
ओरॅकल? मारिया?
जगाच्या कुठल्या कोपऱ्यातून, न कंटाळता,
वर्गणी मागणाऱ्या पोरांसारखं
मजल्यामजल्यानं.
तुस्कानो आहेत का, असं मात्र
अजून कुणी विचारलेलं नाही.

आधी बंदरं.
पोर्टला बंदर म्हणायची सवय तुस्कानोंची.
माझगावात बसून पोर्ट काय म्हणायचं, म्हणायचे.
तेवीस नंबरचं कुणासाठी उघडं?
शिवडी शाखेतल्या पासबुक छापायच्या यंत्रासाठी.
ते यंत्र सहा वर्षांपूर्वी दारूखान्यात
किलोच्या भावानं गेलं,
धक्का अजून दिवा लावून बसलाय.
बंद.
एकवीस, बंद.
एकशे अकरा कशासाठी ते मलाही ठाऊक नाही;
बंद करून पाच मिनिटं वाट पाहिली,
कुणी ओरडलं नाही.

मग रूट. त्याला थेट आत यायला मनाई.
हे कधीच करायला हवं होतं,
पण कुंपणालाच विचारायचं,
शेत किती खाल्लंस,
आणि कुंपण म्हणजे मी.
मलाच मी उंबऱ्यावर थांबवलं:
आधी नाव सांग, मग चावी दाखव.

यादीत खाती अठरा, माणसं अकरा.
घाग मस्कतला. लोटलीकर दुसऱ्या बँकेत.
'ट्रेनी-दोन' कोण होता, कुणाला आठवत नाही.
तुस्कानो, फ्रान्सिस:
वसईला, चर्चच्या मागे, तीन वर्षं.
नियम साधा आहे,
खात्यामागे जिवंत माणूस हवा.
कर्सर त्यांच्या नावावर नेला

आणि दोन वाजून दहा मिनिटांनी
डिस्कचा दिवा लुकलुकायला लागला.
मी काहीच दाबलं नव्हतं.
तुस्कानो कामावर आले होते.

क्रॉनमध्ये एक ओळ, नऊ वर्षं जुनी.
रोज रात्री उठायचं,
एकेका फाइलीचा ठसा कालच्या ठशाशी ताडायचा,
कुठे परवानगी सैल झाली असेल तर आवळायची
आणि शेवटी नोंद करायची: दारं पाहिली.
दारं पाहिली.
दारं पाहिली.
सव्वातीन हजार ओळी,
त्यांतल्या जवळजवळ अकराशे
ते गेल्यानंतरच्या.

स्क्रिप्टच्या डोक्यावर शेरा:
हे काढू नये. काढायचंच झालं
तर आधी मला विचारावं.
खाली फोन नंबर, सहा आकडी.

डबा भरला होता. मोरीत ओतून आले.

खातं काढलं. काढायलाच हवं होतं.
त्याआधी एक नवं उघडलं,
नाव: पहारा.
पासवर्ड: कुलूपबंद.
घर: नाही.
शेल: नाही.
म्हणजे हा कधी आत येऊ शकणार नाही,
खुर्ची ओढून बसू शकणार नाही,
एक अक्षर टाइप करू शकणार नाही.
हात लावायच्या फायली मोजून दिल्या,
उठायची वेळ तीच ठेवली.
शेराही राहू दिला, नंबरही.
त्याखाली माझा लिहिला, दहा आकडी.

रविवारी रात्री पुन्हा आले,
घरी काय सांगितलं ते सोडा.
दोन वाजून दहा मिनिटांनी
लॉगमध्ये ओळी आल्या, एकाखाली एक:
मारिया आहे का?
नाही.
दारं पाहिली.