न दाबलेलं बटण

मी खोलीत काळोख करते, त्यांचा एक डोळा झाकते.
"हनुवटी इथे टेका. समोरच्या पिवळ्या ठिपक्यावरून नजर हलवू नका.
कडेला कुठे उजेड लुकलुकला, की बटण दाबा."
एवढं सांगून मी गप्प.
यंत्राच्या पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसतात
आग्बेको सेनानू, अग्बोझुमेचे विणकर, वय एकसष्ट,
आमच्या अभ्यासात क्रमांक शून्य-चार-सात.

काचबिंदू काचत नाही.
चप्पल काचते, होडीचा दोर काचतो,
हा नाही.
आणि लोक समजतात तसं काळंही दिसत नाही काही.
जिथलं गेलं तिथे मेंदू
शेजारचाच रंग ओढून विणून टाकतो,
असा, की चाळीस वर्षं मागावर बसलेल्या माणसाला
जोड सापडला नाही.
कळलं ते शेळीमुळे.
वीस हात लांब पसरलेल्या ताण्यात
ती डावीकडून शिरली, पोरं ओरडली,
आणि हे आपले चार बोटं रुंद पट्टीकडे बघत
पायांनी वह्या ओढत राहिले.

लेझर की थेंब,
ते मी ठरवलं नाही, डॉक्टर डेलालींनीही नाही.
संगणकाने चिठ्ठी काढली. थेंब निघाले.
"म्हणजे कवड्या टाकण्यासारखंच की," म्हणाले,
आणि अंगठ्याला शाई लावून घेतली.
बाटली गारव्यात ठेवायची. घरी फ्रिज नाही,
म्हणून मासळीवाल्या आफीकडे,
रोज संध्याकाळी एक फेरी,
डोळ्यांत दोन थेंब, बोटांना खाऱ्या माशाचा वास.
दाब अठ्ठावीस. मग एकवीस. मग सतरा.

पण नकाशा काही धड येईना.
यंत्र मधूनच उजेड न टाकता नुसताच आवाज करतं,
माणूस खरं सांगतोय का ते बघायला.
हे तेव्हाही दाबायचे.
शंभरात अडतीस वेळा.
कागदावर मी लाल शेरा मारला: विश्वासार्ह नाही.
मग विचारलं, का दाबता?
"तू इतका वेळ अंधारात उभी असतेस, सित्सोफे.
काहीच नाही म्हणून सांगणं
बरं दिसत नाही."

दिसलं नाही, हेही उत्तरच आहे, मी म्हटलं.
मला तेच हवंय.

पुढच्या गुरुवारी
टक्.
टक्.
टक्.
मग काही नाही.
उजेड कुठे पडतोय ते मला पडद्यावर कळत होतं:
वरच्या बाजूला, नाकाकडे, धनुष्यासारखे ओळीने सात.
साती वेळा अंगठा बटणावर तसाच टेकलेला.
बाहेर कोणीतरी बादली आपटली.
मी श्वास धरून उभी होते, का ते माहीत नाही.

कागद छापून आला, करडा, एका बाजूला कोळशासारखा.
त्यांनी तो खिडकीशी नेला,
कापड तपासावं तसा बोटाने चाचपला.
"इथून धोटा परत आलाच नाही," म्हणाले.
डॉक्टरांनी हेच अहवालात
अडीच ओळींत लिहिलं होतं.

तीन वर्षं झाली. तक्ते बंद झाले, आकडे कुलपात गेले,
आक्राहून आभाराचं पत्र आलं.
संमतीपत्राच्या चौथ्या पानावर, शाईच्या अंगठ्याच्या जरा वर,
आहे ते वाक्य: औषध अभ्यास संपेपर्यंत.
मीच त्यांना ते तेव्हा वाचून दाखवलं होतं,
एवेमध्ये, सावकाश, दोनदा.
"आणि दाब?" त्यांनी विचारलं,
"त्याचाही अभ्यास संपला का?"

आज गुरुवार. यादीत नाव नाही, तरी आलेत.
बाटली उजेडात धरून हलवतात,
तळाला नखाएवढं काहीतरी डुचमळतं.
पुढची येईल का, विचारतात.
मी तीन पत्रं पाठवलीत. ते सांगावंसं वाटतं,
सांगत नाही.
ते माझ्याकडे बघतात, सरळ, मधोमध,
जिथून अजून सगळं दिसतं त्यांना.
थोडं थांबतात. यंत्र थांबतं तेवढंच.
मग मान हलवतात
आणि आफीचं दुकान मिटायच्या आत
निघतात.