खोलीचे तापमान

बातमी आली तेव्हा कूलरमधलं पाणी संपलं होतं
आणि वाळ्याचा वास जाऊन
नुसत्या सुक्या गवताचा उरला होता.
एक काळी चीप चुंबकावर अर्धवट उठून बसलेली,
एक पाय अजून खाटेखालीच असल्यासारखी.
चित्रफितीत एवढंच.
खाली लिहिलेलं : हिच्यातून वीज वाहते, अडत नाही,
आणि तीही खोलीच्या तापमानाला.

पराते पान लावत होता.
चष्मा कपाळावर ढकलून म्हणाला,
‘मॅडम, कोन्त्या खोलीच्या?’

त्याची खोली गोळीबार चौकामागे, टिनाखाली.
तिथं एप्रिलच्या दुपारी
गडव्यातलं पाणीसुद्धा तोंडाला लावून मागे घ्यावं लागतं.
मी सांगितलं, प्रयोगशाळेची खोली वीस अंशांची धरतात.
तो हसला, भांडायचं नसलं की हसतात तसा.
‘वीस तं आमच्याकडे संक्रांतीले राह्यते, बाप्पा.’

रविवारी माझ्या वाट्याला अर्धा रकाना.
त्यात विश्व बसवायचं,
आणि खालून निविदा-सूचना वर चढली
की विश्वाच्या शेवटच्या चार ओळी कापायच्या.
फेब्रुवारीत अशीच एक अख्खी दीर्घिका
सदरच्या सोफासेटखाली गेली.
त्याआधी ऑक्टोपसचं तिसरं हृदय.
दोनच छापली. कुणाचा फोन आला नाही.

ही बातमी मात्र मी मन लावून लिहिली.
लिहिलं, की कोराडीहून निघालेली वीज
वाटेभर तारांना तापवत येते,
थोडी थोडी सांडत,
जत्रेहून येणाऱ्या पोराच्या मुठीतल्या मुरमुऱ्यांसारखी.
ही चीप खरी ठरली, तर काही सांडणार नाही.

‘तर’वर माझा जीव होता.
शनिवारी रात्री साडेअकराला
इतवारीच्या सराफाची जाहिरात दोन सेंटिमीटर वाढली,
आणि सकाळी बघते तो
चीप खरी ठरली होती.

मग पंधरा-वीस दिवसांत
एकेका देशातून एकेक नकार आला.
कुणाची चीप उठलीच नाही,
कुणाची उठली ती भेसळीमुळे.
मला वाईट वाटायला हवं होतं.
पण इतकी माणसं, कुठकुठली,
रात्री जागून एकच गोष्ट करून बघतात
आणि सकाळी सरळ सांगतात, आमच्याकडे नाही झालं बुवा,
हे वाचताना मला आमची घरातली भांडणं आठवली.

दुरुस्ती दोन ओळींची. जागा : निधनवार्तांखाली.

तेवढ्यात यशोधरा गजभिये यांचा फोन.
तांडापेठेत आठवीला विज्ञान शिकवतात.
‘मी वर्गात वाचून दाखवलं होतं हो तुमचं.
अडतीस मुलं. आता काय सांगू?’
मी ‘तर’चं सगळं सांगितलं, सराफासकट.
त्या बराच वेळ गप्प.
मग म्हणाल्या, ‘एका पोरानं विचारलं होतं,
खोलीचं म्हणजे कोणाच्या?
मला काही सुचेना. म्हणून तापमापी वाटल्या.
शाळेत चारच आहेत, पाळीपाळीनं नेल्या.
यादी पाठवू का?’

यादी आली. वहीचं पान, रेघा हातानं मारलेल्या.
कौलं, बावीस तारीख, दुपारी तीन : एकोणचाळीस.
स्लॅब, वरचा मजला : साडेबेचाळीस.
मागाची खोली, माग चालू : एक्केचाळीस. बंद : चाळीस.
एका मुलीनं लिहिलेलं, आजोबांच्या उशाशी सदतीस,
आणि कंसात, हे कदाचित आजोबांचंच असेल.
एकानं आकडा खोडून पुन्हा लिहिला होता,
शेजारी ‘आधी चुकीचं वाचलं.’

मी दीर्घिका, पेशी, मंगळ, सगळं बाजूला ठेवलं.
वर दुरुस्ती, पूर्ण, ‘तर’ कसा पडला त्यासह.
खाली यादी. सराफाला म्हटलं, या रविवारी नाही.
संपादकांचं उद्या बघू.

पराते मुकाट्यानं आकडे बसवत होता.
एकविसाव्या ओळीवर थांबला.
पराते मोनाली. टिन. दुपारी तीन. चव्वेचाळीस पूर्णांक पाच.
पूर्णांकाचा ठिपका पडद्यावर नीट दिसत नव्हता.
त्यानं तो मोठा केला,
पुन्हा लहान केला,
मग छापून, कागद खिडकीशी नेऊन पाहिला.