पाठीमागून बघा

ट्रेलर होटगी रोडला लागला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते,
भिंत अजून चुलीच्या पाठीसारखी गरम.
शोरूममध्ये आम्ही पाचजण उरलोय.
बावीस होतो.
काचेवरची जुनी जाहिरात खरवडायचं काम
हलकुडे शेठनी माझ्याकडे दिलं होतं.
‘भव्य’ निघालं,
‘सूट’ निघेना.

जुनी सेडान मी चार वर्षं विकली,
म्हणजे विकायला उभी राहिले.
इंजिन चांगलं, पत्रा जाड,
ठोकली तर समोरच्याचंच नुकसान.
लोक समोरून बघायचे, मान हलवायचे,
बाजूने बघायचे, गप्प व्हायचे,
पाठीमागे गेले की
चहा अर्धा टाकून निघायचे.
छोट्या गाडीला मागून डिकी चिकटवलेली,
पाहुण्याच्या पाठीवर वळकटी बांधावी तशी.
अक्कलकोटचे एक गुरुजी म्हणाले होते,
‘बाई, ही घर बदलायला निघालीय का?’

फक्त टॉवेलवाल्यांनी घेतली,
हैदराबादला गठ्ठे न्यायला.
त्यांना रूप नको होतं,
पोट हवं होतं.

पुण्याहून कंपनीचा निनाद आला होता,
इस्त्रीचा शर्ट, पाठ घामाने भिजलेली.
म्हणाला, या वेळी आधी रेघ काढली, मग गाडी.
दोन वर्षांत अशा तीन सेडान.
म्हणाला, डिझाईनच आपल्याला वाचवेल.
‘आपल्याला’ म्हणाला तेव्हा
इरफानने हातातला पाना उगाच पुसला.
त्याचा मार्चचा पगार अजून यायचा आहे.

मग कापड ओढलं.

खरं सांगते, क्षणभर मी विकणारी राहिले नाही.
पुढच्या दिव्यापाशी उठलेली एक रेघ
दारांवरून, मुठींच्या खालून,
कुठेही दम न खाता
मागच्या दिव्यात जाऊन विझत होती.
छत उतरत होतं सावकाश,
गॅस बंद केल्यावर दूध खाली बसतं तसं.
डिकी कुठे सुरू होते
ते मला सापडलं नाही.

येमूल मामा काठी दाराला टेकवून आत आले.
आता वॉचमन. मिलमध्ये जेकॉर्डचे पुठ्ठे पाडायचे,
भोकाभोकांतून मोर उभे करायचे.
किंमत विचारली नाही, मायलेज नाही.
डोळे मिटले, तळहात ठेवला
आणि रेघेवरून चालत गेले.
परत आले. पुन्हा गेले.
मागच्या दारापाशी थांबले.
‘इथं एक धागा सुटलाय.’

निनादने मोबाईलचा दिवा लावला.
दोन पत्र्यांमधली फट,
तिथे केसभर जास्त.
त्याने फोटो काढून कुणाला तरी पाठवला,
रात्री सव्वाअकराला,
आणि उत्तराची वाट बघत तसाच उकिडवा बसून राहिला.
मामा म्हणाले, ‘मंचिगुंदी.’
मग त्याच्यासाठी मराठीत,
‘चांगली आहे की ओ.’

नंतर बाहेर, चहा बशीत ओतताना, मला एकटीला:
‘मिल बंद पडली ना, त्याच साली
आमचं सगळ्यात देखणं डिझाईन निघालं.
सात रंग. काठच नव्हता,
नक्षी संपतच नव्हती.
बघून मालक रडले.’
‘मग?’
‘मग काय. चारशे चादरी निघाल्या.
एक आहे घरी.
रंग उतरला नाही अजून.’

मी आत जाऊन ‘सूट’ खरवडायला बसले.

सकाळी पहिलं गिऱ्हाईक, टॉवेलवाले गड्डम शेठ.
दारातूनच, ‘डिकीत गठ्ठे किती?’
आकडा मला पाठ होता.
म्हटलं, सांगते. आधी इथं या,
पाठीमागून बघा.

ते आले. उभे राहिले.
कंबरेवर हात, तोंडात सुपारी, चावणं थांबलेलं.

बुकिंग केलं नाही.
पुन्हा येतो म्हणाले, सगळेच म्हणतात.
कप उचलायला गेले
तर रिकामा होता.