अर्धा सूत

टिंबर मार्केटात दुपारपासून
सागवान जळाल्याचा वास.
फळीच्या एकाच कडेला काळी रेघ
आणि पातं मध्येच दम खातं.

मी म्हटलं, लाकूड ओलं असंल.
आण्णासो म्हणाला, व्होल्टेज.
मग पट्ट्यावर आलो, मग एकमेकांवर.
बोलणं तसंही कालपासून बंदच होतं.

ईश्वरा मिस्त्रींनी आधी फ्यूज काढला,
स्वतःच्या खिशात टाकला.
"खटक्यावर बोट तुमचं,
आत हात माझा."

जुन्या टूथब्रशनं दातांवरची राळ खरडली.
एका दाताला खडू लावला,
तो पुढं आणून गाइडपर्यंत मोजलं,
तोच फिरवून मागं.
"दात बदलून मोजलंस
तर माप खोटं बोलतं."

मागं अर्धा सूत कमी.
एवढ्यावर फळी चिमटते, जळते,
आणि एखाद्या दिवशी उलटून
छातीवर येते.

चार नट सैल, दोन टिचक्या, चार नट घट्ट.
कापाची फट उघडी ठेवणारी पट्टी,
जी आम्ही अडचण म्हणून माळ्यावर फेकलेली,
तीही शोधून बसवली.
"जुळलं सूत," मिस्त्री म्हणाले,
आमच्याकडं न बघता.

संध्याकाळी रंकाळ्यावर
भेळवाल्याला सुट्टे द्यायला
त्यांनी खिसा उलटा केला:
तीन नाणी, भुसा, फ्यूज.

तेवढ्यात माझा फोन. आण्णासो.
दोन दिवसांत पहिलाच.
"आता तर चालूच हुईना की रं."