टर्पेंटाइन

खानापुरात शाळेच्या व्हरांड्यात
लाकडी फलकावर एक ओळ वाढवायला मला बोलावलं.
आता सगळीकडे फ्लेक्स. ब्रशवाला मी एकटाच उरलोय,
परशराम पेंटर, स्टेशन रोड,
मराठी-कन्नड दोन्ही, दर एकच.

ओळ होती:
डॉ. चारुलता मुतगेकर, मूळपेशी आणि जनुक संशोधन.
खाली हेडमास्तरांच्या हौसेचा एक आकडा,
जगात किती जणांनी तिच्या लेखांचा दाखला दिला, तो.
पाच अंकी, स्वल्पविरामासकट.

ती आली तेव्हा रंग ओला होता.
बाकावर बसून बघत राहिली,
मग म्हणाली, काका, एखादं अक्षर चुकलं तर काय करता?

आता शास्त्रज्ञाला मी काय सांगू?
तरी सांगितलं.
आगपेटीच्या काडीला चिंधी गुंडाळायची,
टर्पेंटाइनचा एक थेंब, जास्त नाही,
श्वास धरून तेवढंच पुसायचं.
शेजारचा काना हलता कामा नये.
तो हलला
की लिहिणारा सुटतो, पुसणारा अडकतो.

ती हसली नाही.
आमचंही तेच की हो, म्हणाली.
तीनशे कोटी अक्षरांत चुकलेलं एक गाठायचं
आणि शेजाऱ्याला धक्का नाही.
एकोणीस वर्षं नुसती
काडीला चिंधी गुंडाळण्यात गेली.

मला ते दिवस आठवले, रातोरात पाट्या बदलायचे.
या बाजूच्यांनी मला डांबर दिलं, त्या बाजूच्यांनीही.
गावाच्या नावाला शेवटी एक वेलांटी लागली,
तेवढ्यावरून किती डोकी तापली.
मी दोन्हीकडची कामं घेतली. पोट होतं.
वेलांटीनं काय माणूस मरतो व्हय, म्हणायचो.

तेव्हा मल्लू जन्मला नव्हता.

ईरण्णा होसमनीचा मल्लू, आमच्याच गल्लीतला.
जायचा कच्च्या कौलासारखा फिका,
पहिल्या बसनं, बापाच्या मांडीवर, बेळगावच्या सिव्हिलला.
यायचा भाजून निघाल्यासारखा तांबूस.
दर एकवीस दिवसांनी पुन्हा कच्चा.
कुणाकुणाचं रक्त त्याच्यात फिरलं असेल,
पिशवीवर भाषा नसते.

एक अक्षर, डॉक्टर म्हणाले होते. फक्त एक.

मग त्याच्याच हाडांतल्या मूळपेशी काढल्या.
(आमच्याकडच्या मातीसारख्या म्हणे,
कौल व्हायचं की मडकं, अजून ठरलेलं नसतं.)
त्या दुरुस्त करून त्याच्याच अंगात घातल्या.
मधले दोन महिने काचेची खोली,
केस गेले, तोंडात फोड,
आई बाहेरून काचेला कपाळ टेकून.
ज्या रीतीनं केलं ती हिची होती,
हे ईरण्णाला अजून नीट ठाऊक नाही.
त्याला एवढंच ठाऊक,
गेल्या श्रावणापासून कॅलेंडरवर लाल गोल नाही.

त्याच खेपेला गुंजीची एक पोर होती.
तिच्यात ते धरलं नाही.
हे सांगताना चारुलता पोरीच्या नावापाशी थांबली
आणि नाव काही घेतलं नाही.
मी ब्रश धूत राहिलो, धुतलेलाच.

मग म्हणाली, काका, तो आकडा पुसा.
हेडमास्तर उठलेच, अहो मॅडम, पुढच्या पोरांना कळायला नको?
इरली बिडु, सर. तो उद्याच बदलतोय.

पुसला. एकेक अंक, श्वास धरून.
मुतगेकरच्या रला काही झालं नाही.
पण लाकूड थोडा रंग पिऊन बसलंय,
चारच्या सुमारास तिरकं ऊन आलं
की पाचातले तीन अंक दिसतात.

जाताना तिनं दोन्हीचे पैसे पुढे केले,
लिहिल्याचे आणि पुसल्याचे.
मी लिहिल्याचे परत दिले.