नोंदीचं पान

कारूत पाऊस नाही, पण धूळ वक्तशीर.
नवाला उंबऱ्यावर असते, दहाला खळीच्या वाटीत.
मंगळवारी तिच्याबरोबर ऊम बारेंड आले
(इथे पिकल्या केसांच्या सगळ्यांना ऊमच म्हणतात),
काखेत, मेंढीच्या कातड्यात गुंडाळलेलं
घराण्याचं पवित्र शास्त्र,
जुन्या डच भाषेतलं, पितळी कड्यांचं,
तान्ह्या मुलाएवढं जड.

"शिवण सुटलीय," म्हणाले.
शिवण सुटली नव्हती.
चाळीस वर्षं मी हेच काम करते.
लोक शिवणीचं सांगतात
आणि दाखवायचं असतं दुसरंच.

मी पाठ चाचपली, पानं चाळली.
या गावातली शास्त्रं मला अंगठ्यांवरून कळतात.
पुरुषाने पुरुषापाशी निजू नये, असं जिथे आहे
तो कोपरा सगळ्यांचाच मळका, दुमडलेला.
कागद उलटला की तिथेच, वीतभर अंतरावर
मजुराची मजुरी रात्रभर ठेवून घेऊ नये, असंही आहे.
ती बाजू बहुतेक घरांत कोरी करकरीत.
लोकर कातरणाऱ्यांना पैसे कधी मिळायचे
ते मला ठाऊक आहे.
माझा बाप कातरायचा.

मी बोलले काहीच नाही,
पण बोट तिथे जरा जास्त रेंगाळलं असावं.
"दोन्ही वाचलंय मी," ऊम म्हणाले.
"वचन सोपं असतं
तर तुझ्याकडे कशाला आलो असतो?"

मग त्यांनीच नोंदीचं पान उघडलं.
सात पिढ्यांचे जन्म,
शाई आधी तपकिरी, मग काळी, मग निळी.
निळ्यातली चौथी ओळ नाही.
तिथे पातं फिरलंय, दाढीचं.
खरवड सरळ आहे. हात थरथरला नव्हता.

"याकोबस," ते म्हणाले,
जणू मला ठाऊकच नव्हतं.
चर्चचा ऑर्गन तोच वाजवायचा.
मग मंडळीच्या वडिलांची बैठक झाली,
हात वर करणाऱ्यांत ऊम पहिले.
आता तो समुद्राकडे, नाईस्नाला,
रुआन नावाच्या सुताराबरोबर राहतो.
दर नाताळला अंजिराचा मुरंबा पाठवतो.
बरण्या परत जातात.
रिकाम्या, धुतलेल्या.

मी पान उजेडाला धरलं.
पातं खोल गेलं होतं, कागद आरपार.
उलटलं. मागे लग्नांच्या नोंदी.
भोक नेमकं तिथे,
बारेंड लाटेगन आणि हेस्टर मारिया यांच्या ओळीत.
महिना आहे, साल आहे.
दिवस नाही.

ऊम बराच वेळ त्या भोकातून
माझ्या टेबलाचं लाकूड बघत राहिले.
"हेस्टर असती तर," म्हणाले,
आणि टोपी या गुडघ्यावरून
त्या गुडघ्यावर ठेवली.

"मत बदललेलं नाही माझं.
पाळकांना सांगू नकोस, म्हातारा विरघळला म्हणून.
वचन आहे ते आहे.
पण हे नाव देवाने नव्हतं लिहिलं.
मी लिहिलं होतं.
खरवडलंही मीच."

मी कामाचं सांगितलं.
गव्हाची खळ, तुतीच्या सालीचा पातळ कागद,
ठिगळ दिसणारच, लपणार नाही,
शाई त्यावर थोडी फुटेल,
शनिवारपर्यंत वजनाखाली ठेवावं लागेल.
"दोन्ही बाजूंनी लिहिता येईल?"
येईल.

दारात थांबले. धूळ आत आली.
"आणि त्याच्या नावापुढे
जागा किती उरेल?"
मी पट्टी लावली.
"एका नावापुरती. लहानशा."

यावर ते काही बोलले नाहीत.
फक्त परत आले, खिशातून पाकीट काढलं
आणि काम व्हायच्या आधीच
पूर्ण मजुरी टेबलावर मोजली,
एकेक नोट अंगठ्याने सपाट करत.