मोजणी

मुक्कामी एसटी पहाटेच माघारी गेली,
दिवे लावून. दोन वळणांत विझली.
आहुप्यात उरलो आम्ही आणि ढग.

चिंधू असवले पुढे,
पायात मुलाचे शाळेचे बूट, नाडी सुतळीची.
"दुर्बीण आत ठेवा, भिजंल.
आज कानानं बघायचं."

मी कर्णा पाहायला आले होते.
लाल पोटाचा. वहीत त्याच्यासाठी
अख्खं पान सोडलेलं.
अंजनीच्या खोडावर शेवाळ, शेवाळात नेचे,
नेच्याच्या टोकाला थेंब,
आणि त्यापुढे काहीच नाही.
जांभळाची फांदी अर्ध्यात पुसलेली.

मग कुणीतरी शीळ घातली,
रिकामटेकड्या पोरासारखी,
सूर लागता लागता सोडून दिलेली.
"कस्तूर," चिंधू म्हणाला,
शेजारचा बाळू आलाय, म्हणावं तसं.

वर शेकराची घरटी.
दर उन्हाळ्यात खात्यासाठी तोच मोजतो.
"एकाची सहा-सात असत्यात.
ऱ्हातो एकातच."
मला वाकडची आमची सोसायटी आठवली.
रात्री नऊला किती खिडक्यांत उजेड,
मीही मोजते कधीकधी
गॅलरीत उभी राहून.

"मग बाकीची कशाला बांधतो?"
चिंधूनं खिशातून बाळहिरडा काढला,
सदऱ्याला पुसला, माझ्या हातावर ठेवला.
"चघळा. लगेच गिळू नका."

कर्णा दिसला नाही.
घोडेगाव, मंचर, राजगुरूनगर,
मग चाकणचा ट्रॅफिक.
वहीतलं ते पान कोरंच, पण दमट,
शेजारच्या पानाला चिकटलेलं.

जीभ अजून तुरट.